वेधशाळेचा अंदाज नेमका वाचायचा कसा?

पावसाळा तोंडावर आला की वेधशाळा हा मुंबईकरांच्या थट्टेचा हुकमी विषय बनतो. ‘वेधशाळेने पाऊस सांगितला आहे ना, मग छत्री घरी ठेवायला हरकत नाही’ हा विनोद आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांनी ऐकलेला असतो आणि तरीही दरवर्षी तो नव्याने सांगितला जातो. लाल रंगाचा इशारा मिळावा, शाळांना सुट्टी जाहीर व्हावी आणि नेमके त्याच दिवशी लख्ख ऊन पडावे, असे घडले की या विनोदाला आणखी धार चढते. वेधशाळा चुकत नाही, असे कोणीही म्हणणार नाही; ती चुकते आणि कधीकधी चांगलीच चुकते. परंतु ज्या दिवशी अंदाज फसला असे आपण म्हणतो, त्यांतील बऱ्याच दिवशी तो फसलेला नसतो, तर आपण तो नीट वाचलेला नसतो.

दररोज प्रसृत होणारा प्रादेशिक हवामान अंदाज हा मोजक्या वाक्यांचा मजकूर असतो. ‘कोकण-गोव्यात बहुतांश ठिकाणी, मध्य महाराष्ट्रात काही ठिकाणी पाऊस. कोकणात तुरळक ठिकाणी अतिमुसळधार पावसाची शक्यता. विदर्भात मेघगर्जनेसह सोसाट्याचा वारा. मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये.’ वर्षानुवर्षे याच धाटणीची वाक्ये वाचून वाचकाची नजर त्यांवरून घसरत जाते आणि शेवटी लक्षात राहतो तो केवळ रंग. वस्तुतः या वाक्यांतील जवळजवळ प्रत्येक शब्द मोजून-मापून वापरलेला असतो. त्याला ठरलेला अर्थ आहे आणि बहुतेक वेळा त्यामागे एक आकडाही आहे.

उदाहरणार्थ ‘तुरळक’ हा एकच शब्द घ्या. ‘तुरळक ठिकाणी अतिमुसळधार पाऊस’ हे वाक्य घाईत वाचणाऱ्याला ‘थोडाफार पाऊस’ असे काहीतरी जाणवते. पण येथे तुरळक आहेत ती ठिकाणे, पाऊस नव्हे. एखाद्या विभागातील पर्जन्यमापन केंद्रांपैकी २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल, तर ‘तुरळक ठिकाणी’ म्हणतात. २६ ते ५० टक्के असेल तर ‘काही ठिकाणी’, ५१ ते ७५ टक्के असेल तर ‘बऱ्याच ठिकाणी’ आणि त्याहून अधिक असेल तर ‘बहुतांश ठिकाणी’. म्हणजे तुरळक ठिकाणी अतिमुसळधार याचा अर्थ असा, की चार गावांपैकी तिघांत कदाचित साधीच सर येईल, पण चौथ्या गावात घरात पाणी शिरेल. ते चौथे गाव कोणते, हे आदल्या दिवशी सांगता येत नाही.

याचा सर्वांत भीषण पुरावा मुंबईने २६ जुलै २००५ रोजी पाहिला. त्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि कुलाब्याच्या वेधशाळेत अवघा ७३ मिलिमीटर. एकाच शहरातील या दोन वेधशाळांमध्ये अंतर जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटरचे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर एक लिटर पाणी, हा हिशेब ध्यानी घेतला तर सांताक्रूझच्या प्रत्येक चौरस मीटरवर त्या दिवशी ९४४ लिटर पाणी ओतले गेले होते. दक्षिण मुंबईतील कचेऱ्यांत बसलेल्यांना मात्र दुपारपर्यंत काही विपरीत घडते आहे याचा पत्ताही नव्हता. ते नेहमीच्या वेळी घरी निघाले आणि वाटेत अडकले. आपल्या खिडकीतून दिसणारे आभाळ म्हणजे साऱ्या शहराचे आभाळ नव्हे, हा त्या दिवसाचा धडा आपण किती लवकर विसरलो!

साडेआठ ते साडेआठ

अंदाज वाचताना आणखी एक गल्लत होते, ती दिवसाची. पंचांगाचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो, घड्याळाचा मध्यरात्री आणि वेधशाळेचा सकाळी साडेआठ वाजता. ‘गेल्या चोवीस तासांत इतका पाऊस झाला’ असे आपण वाचतो, तेव्हा तो आदल्या दिवशीच्या सकाळी साडेआठपासून त्या दिवशीच्या सकाळी साडेआठपर्यंतचा असतो. इशाऱ्याचेही तसेच. मंगळवारसाठी दिलेला इशारा बुधवारच्या सकाळी साडेआठपर्यंत लागू असतो. मंगळवारी दिवसभर कोरडे गेले म्हणून वेधशाळेच्या नावाने बोटे मोडून झोपी गेलेल्या माणसाला पहाटे चार वाजता पावसाने उठवले, तर तो अंदाज चुकला असे कसे म्हणावे?

पावसाच्या विशेषणांनाही मोजमाप आहे. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अतिमुसळधार आणि त्यावर गेला तर अत्यंत मुसळधार. वृत्तपत्रांत या शब्दांची थोडी सरमिसळ होते, हे मान्य करायला हवे. त्यातच ‘अतिवृष्टी’ या शब्दाने गोंधळ वाढतो. राज्याच्या महसूल यंत्रणेच्या लेखी एखाद्या मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की ती अतिवृष्टी. नुकसानभरपाईचे पंचनामे याच आकड्यावर अवलंबून असतात. वेधशाळेच्या हिशेबात हाच पाऊस केवळ ‘मुसळधार’ ठरतो. त्यामुळे ‘वेधशाळेने अतिवृष्टी सांगितलीच नव्हती’ आणि ‘तालुक्यात अतिवृष्टी झाली’ ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी असू शकतात.

आता रंगांविषयी. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा आणि लाल म्हणजे कृती करा. हे रंग मूलतः सामान्य वाचकासाठी नव्हे, तर आपत्ती व्यवस्थापनाच्या यंत्रणांसाठी योजलेले आहेत. पंप सुरू ठेवायचे का, पथके कोठे पाठवायची, धरणाचे दरवाजे केव्हा उघडायचे, हे ठरवणाऱ्या अधिकाऱ्याला एका दृष्टिक्षेपात कळावे, हा त्यांचा हेतू. रंग ठरवताना केवळ पावसाचा आकडा पाहिला जात नाही. तो पाऊस पडण्याची शक्यता किती आणि पडलाच तर त्याचा परिणाम काय होईल, या दोहोंचा विचार होतो. जुलैत महाबळेश्वरला शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर तेथील दुकानदार त्याची दखलही घेणार नाही. तेवढाच पाऊस लातूरला एका दुपारी झाला तर ओढ्यांना पूर येईल. शिवाय जिल्ह्याला दिलेला रंग हा संपूर्ण जिल्ह्याला लागू असला, तरी तो बहुधा ‘तुरळक ठिकाणी’ होणाऱ्या पावसासाठीच दिलेला असतो. रायगड जिल्हा लाल आहे म्हणून पनवेल, पोलादपूर आणि श्रीवर्धन तिन्हीकडे सारखेच पाणी भरेल, असे नाही.

चक्राकार वारे आणि चक्रीवादळ

मे महिन्यात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात अंदाजामध्ये ‘चक्राकार वाऱ्यांची स्थिती’ हे शब्द आले रे आले, की भ्रमणध्वनींवरून चक्रीवादळाच्या अफवा फिरू लागतात. हे दोन शब्द दिसायला जवळचे, पण त्यांच्यात टेकाड आणि सह्याद्री यांच्याइतका फरक आहे. वातावरणाच्या एखाद्या थरात वारे वर्तुळाकार फिरू लागणे ही नित्याची गोष्ट आहे. अशी स्थिती वर्षातून अनेकदा निर्माण होते आणि बहुतेकदा काहीही न होता विरून जाते. तिच्यातून कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले, ते तीव्र झाले आणि वाऱ्याचा वेग ताशी ३१ किलोमीटरच्या पुढे गेला, तर अवदाब. ५० च्या पुढे गेला तर तीव्र अवदाब. आणि ६२ किलोमीटरला पोहोचल्यावरच त्याला चक्रीवादळ म्हणतात व नाव देतात. नाव मिळण्यापूर्वी इतक्या पायऱ्या असतात.

चक्रीवादळाचा मार्ग दाखवणारा नकाशाही असाच फसवा ठरतो. त्यावर मध्यभागी एक रेषा असते आणि तिच्या भोवती शंकूसारखा रुंद होत जाणारा पट्टा. वाचकाचे डोळे रेषेवर खिळतात. खरे तर महत्त्वाचा आहे तो पट्टा, कारण वादळाचे केंद्र त्या पट्ट्यात कोठेही असू शकते. आणि वादळ म्हणजे केवळ त्याचे केंद्र नव्हे. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ हे चक्रीवादळ मुंबईला धडकलेच नाही. ते शहरापासून सुमारे दीडशे किलोमीटर दूर समुद्रातून उत्तरेकडे गेले आणि गुजरातच्या किनाऱ्यावर आदळले. तरीही १७ मे रोजी कुलाब्यात वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेला आणि सांताक्रूझला मे महिन्यात कधी न पाहिलेला २३० मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी बॉम्बे हायच्या तेलक्षेत्रात ‘पी-३०५’ हा निवासी तराफा नांगर तुटून भरकटला आणि बुडाला. त्यावर २६१ जण होते; त्यांतील सत्तरहून अधिक परतले नाहीत. वादळाची सूचना त्याआधी अनेक दिवसांपासून दिली जात होती.

आदल्या वर्षीचे उदाहरण याच्या उलट आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस श्रीवर्धन-दिवेआगर भागात किनाऱ्यावर आले. मुंबई थोडक्यात बचावली आणि शहरात ‘काहीच झाले नाही’ असा सूर निघाला. श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोली येथील ज्यांच्या नारळी-पोफळीच्या बागा त्या दुपारी आडव्या झाल्या, त्यांना तो सूर कसा वाटला असेल, याची कल्पनाच केलेली बरी. पोफळ लावल्यापासून धरेपर्यंत वर्षे जातात. छप्पर पुन्हा घालता येते, बाग तशी उभी करता येत नाही.

चक्रीवादळ निदान चार-पाच दिवस आधी चाहूल देते. वळवाचे तसे नाही. उन्हाने तापलेली जमीन, समुद्रावरून आलेली आर्द्रता आणि वरच्या थरातील थंड हवा यांचा मेळ जमला की दुपारनंतर तासाभरात ढग दहा-बारा किलोमीटर उंच चढतात. असा एक ढग काही किलोमीटर रुंदीचा असतो आणि त्याचे आयुष्य अर्धा-एक तासाचे. तो औरंगपुऱ्यावर फुटेल की वाळूजवर, हे सकाळी सांगणे आजच्या शास्त्राला शक्य नाही. दैनिक अंदाज एवढेच सांगू शकतो की आज अशा ढगांना पोषक परिस्थिती आहे. नेमके ठिकाण कळते ते ढग तयार झाल्यावर, रडारवर दिसू लागल्यावर. म्हणूनच वेधशाळा पुढील तीन तासांसाठी वेगळा, तातडीचा इशारा देते. मुंबईत कुलाबा आणि वेरावली येथील रडारांमुळे हे काम पूर्वीपेक्षा सुकर झाले आहे. मेघगर्जनेच्या दिवशी सकाळी वाचलेला अंदाज दुपारी शिळा झालेला असतो. अशा दिवशी तीन तासांचा इशाराच पाहायला हवा.

या अंदाजात ‘ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाने सोसाट्याचा वारा’ असे शब्द असतात, त्यांकडेही दुर्लक्ष होते. ढगातून कोसळणाऱ्या पावसाबरोबर थंड झालेली हवा वेगाने खाली येते, जमिनीवर आपटून चहूबाजूंना पसरते आणि बहुधा पावसाच्या आधी आपल्यापर्यंत पोहोचते. धूळ उठते, पारा उतरतो, बरे वाटते. १३ मे २०२४ रोजी मुंबईत असेच धुळीचे वादळ आले आणि घाटकोपर येथे पेट्रोलपंपावर भलामोठा जाहिरात फलक कोसळून १७ जणांचा बळी गेला. लोक वाऱ्यापावसापासून आडोसा म्हणून पंपाच्या छपराखाली थांबले होते. फलक मजबूत होता की नव्हता, हा वेगळा प्रश्न आणि त्याची चर्चा झाली आहे. पण सोसाट्याच्या वाऱ्याचा इशारा असताना झाड, फलक, बांधकामाच्या परांच्या यांखाली उभे राहू नये, ही खबरदारी कोणालाही घेता येण्याजोगी आहे.

वीज मात्र शहरापेक्षा शिवारात अधिक माणसे मारते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात वीज पडून २,८८७ जण मृत्युमुखी पडले. नैसर्गिक आपत्तींतील मृत्यूंपैकी हा एक तृतीयांशाहून मोठा वाटा आहे. पूर आणि वादळांच्या बातम्या पहिल्या पानावर येतात. विजेचे बळी एकेकटे जातात, म्हणून ते आतल्या पानांत विरून जातात. मराठवाडा आणि विदर्भात जून व ऑक्टोबरच्या सुमारास, म्हणजे पेरणीच्या आणि सोयाबीन काढणीच्या दिवसांत, माणसे शेतात असतानाच हे ढग येतात. पाऊस आला की झाडाखाली जायचे, ही पिढ्यान्‌पिढ्यांची सवय येथे जीवघेणी ठरते. झाडावर पडलेली वीज शेजारच्या माणसाकडे झेप घेते, शिवाय मुळांवाटे जमिनीतही पसरते. एकाच झाडाखाली बैल दगावतो आणि माणूस वाचतो असे दिसते, त्याचे एक कारण म्हणजे जनावराच्या पुढच्या व मागच्या पायांतील अंतर. जमिनीतील प्रवाह एका पायातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडताना त्याच्या हृदयातून जातो. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत. तीन सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर पक्क्या घरात किंवा बंद मोटारीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘दामिनी’ हे उपयोजन तयार केले आहे. ते भ्रमणध्वनीवर असेल तर आसपासच्या विजांची सूचना मिळते. शहरातील वाचकांनी गावाकडच्या नातलगांच्या भ्रमणध्वनीवर ते बसवून दिले तरी मोठे काम होईल.

धुके की धुरके?

डिसेंबर-जानेवारीत मुंबईच्या क्षितिजावर दाटणाऱ्या करड्या पडद्याला आपण हौसेने धुके म्हणतो. ते बहुतेकदा धुरके असते. धुक्यात पाण्याचे सूक्ष्म थेंब असतात आणि हवा जवळजवळ संपृक्त असते. धुरक्यात धूळ, धूर आणि वाहनांचे उत्सर्जन. सकाळच्या फेरफटक्याला जाणाऱ्यांनी हा फरक लक्षात ठेवावा. पावसाळ्यात माळशेज, आंबोली वा बोरघाटात लागते ते ‘धुके’ म्हणजे तर डोंगराला टेकलेला ढगच.

वेधशाळा दृश्यमानता एक किलोमीटरच्या खाली गेल्यावर धुके म्हणते. ५०० मीटरपर्यंत ते विरळ, २०० पर्यंत मध्यम, ५० पर्यंत दाट आणि त्याखाली अतिदाट. विदर्भात अधूनमधून दाट धुके पडते. परंतु मुंबई-पुण्याच्या प्रवाशाच्या वेळापत्रकाची वाट लावणारे धुके पडते ते पंजाब, हरियाणा, दिल्ली आणि उत्तर प्रदेशात. निरभ्र रात्र, मंदावलेला वारा आणि ओलसर जमीन मिळाली की गंगेच्या मैदानावर शेकडो किलोमीटर लांबीची चादर पसरते. मुंबईचे आकाश स्वच्छ असूनही उत्तरेकडून येणारी गाडी सहा-सात तास उशिरा येते आणि विमानतळावरील प्रवासी कर्मचाऱ्यांशी हुज्जत घालत बसतात, त्याचे कारण हे. जानेवारीत उत्तरेकडे जाणार असाल तर कोकणाचा नव्हे, तिकडचा अंदाज पाहिला पाहिजे. दिल्ली विमानतळावर योग्य यंत्रणा व प्रशिक्षित वैमानिक असल्यास धावपट्टीवरील दृश्यमानता ५० मीटर असतानाही विमान उतरू शकते, मात्र उड्डाणासाठी १२५ मीटर लागते. त्यामुळे उतरलेली विमाने निघू शकत नाहीत आणि खोळंबा वाढत जातो. रेल्वेत रुळांवर फटाके लावून सिग्नल जवळ आल्याची सूचना चालकाला देण्याची जुनी पद्धत होतीच. आता उपग्रहाच्या साह्याने सिग्नलचे अंतर सांगणारे उपकरणही इंजिनात असते.

भरती म्हणजे लाट नव्हे

किनाऱ्यावरील धोक्यांबाबत गैरसमज सर्वाधिक आहेत आणि त्यांना, खेदाने म्हणावे लागते, आम्ही वृत्तपत्रवालेही जबाबदार आहोत. ‘आज समुद्रात साडेचार मीटर उंच लाटा उसळणार’ हा मथळा दरवर्षी कोठे ना कोठे छापून येतो. साडेचार मीटर ही लाटेची उंची नसते, ती भरतीची पातळी असते. बंदराच्या नकाशात एक शून्य पातळी ठरवलेली असते, जवळजवळ सर्वांत खालच्या ओहोटीइतकी. तिच्यापासून मोजले असता भरतीचे पाणी साडेचार मीटरवर पोहोचेल, एवढाच त्याचा अर्थ. समुद्र शांत असेल तर इतक्या भरतीला एकही लाट उसळणार नाही. पाणी नुसते वर चढेल. लाटा असतील तर त्या या पातळीच्या वर असतील. मथळा वाचून लाटा पाहायला मरीन ड्राइव्हवर गर्दी करणाऱ्यांची निराशा होते, आणि ज्या दिवशी खरोखर वाऱ्याने लाटा उठतात, त्या दिवशी तीच गर्दी कठड्यावर उभी असते.

भरतीची पातळी महत्त्वाची आहे ती दुसऱ्याच कारणाने. शहराच्या पर्जन्यजलवाहिन्या समुद्रात रिकाम्या होतात. मुंबईच्या जुन्या वाहिन्या ओहोटीच्या वेळी तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या हिशेबाने बांधलेल्या होत्या. नंतर हे उद्दिष्ट ५० मिलिमीटर करण्यात आले. समुद्र चढला की पाणी बाहेर जाण्याऐवजी आत येऊ पाहते, दारे बंद करावी लागतात आणि मग सारी मदार उदंचन केंद्रांवर असते. म्हणून पावसाचा अंदाज आणि भरतीची वेळ शेजारी शेजारी ठेवून वाचावी. २६ जुलै २००५ च्या दुपारी पावसाचा जोर आणि सुमारे साडेचार मीटरची भरती यांची चारच्या सुमारास गाठ पडली होती.

भरतीची वेळ काढण्याची युक्ती आपल्या किनाऱ्यावर जुनी आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी: चतुर्थीला चाराचे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येला ती बाराच्या आसपास येते आणि त्या सुमारासच उधाण असते. साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. मिनिटांचा फरक पडतो, पण आज दुपारी शीव-कुर्ल्याकडून जावे की न जावे, हे ठरवण्यापुरते हे गणित पुरते.

बंदरावर लागणाऱ्या बावट्याचीही एक भाषा आहे. ‘तीन नंबरचा बावटा लागला’ असे कोकणात सर्रास ऐकू येते; याचा अर्थ बंदरालाच सोसाट्याच्या वाऱ्याचा धोका आहे. एक नंबर म्हणजे दूर समुद्रात अवदाब आहे, बंदर सुरक्षित आहे, पण बाहेर पडणारे जहाज संकटात सापडू शकते. आकडा वाढला की धोका वाढतो, असा सर्वसाधारण समज आहे आणि तो अर्धाच खरा आहे. पाच, सहा आणि सात या तिन्ही बावट्यांत वादळाची तीव्रता सारखीच असते. फरक असतो तो वादळ बंदराच्या कोणत्या बाजूने जाणार याचा. आठ, नऊ, दहाचेही तसेच, फक्त वादळ अधिक तीव्र. अकरा म्हणजे वेधशाळेशी संपर्कच तुटला आहे.

आणि एक धोका असा आहे, की ज्याला ना ढग लागतो ना वारा. हजारो किलोमीटर दूर, हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाला उठलेल्या वादळांच्या लाटा लांबलचक उसळी घेत काही दिवसांनी भारताच्या किनाऱ्यावर पोहोचतात. केरळात याला ‘कल्लक्कडल’ म्हणतात, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र. आकाश निळे असते, वारा पडलेला असतो आणि समुद्र अचानक पुळण ओलांडून आत येतो. मे २०२४ च्या पहिल्या आठवड्यात हैदराबादच्या राष्ट्रीय सागरी माहिती सेवा केंद्राने असा इशारा दिला होता; मुंबईच्या किनाऱ्यासाठीही तो होता. तो पाहून हसणारे पुष्कळ होते, कारण बाहेर कडक ऊन होते. त्याच दिवसांत, ६ मे रोजी, कन्याकुमारी जिल्ह्यातील किनाऱ्यावर पाण्यात उतरलेले वैद्यकीय महाविद्यालयाचे पाच विद्यार्थी लाटांनी ओढून नेले. इशारा तेव्हा लागू होता.

अंदाजाचे पत्रक हाती आले की सर्वप्रथम त्याच्या माथ्यावरील तारीख आणि वेळ पाहावी. वेधशाळा दिवसातून अनेकदा अंदाज सुधारते, चक्रीवादळाच्या काळात तर दर तीन तासांनी. पण भ्रमणध्वनीवरून फिरणाऱ्या पत्रकाला मरण नसते. परवाचा लाल इशारा आज कोणीतरी आस्थेने पाठवतो आणि आजचा इशारा परवा पोहोचतो. गेल्या पावसाळ्यात एका परिचितांनी काळजीने धाडलेले पत्रक उघडून पाहिले, तर त्यावरील तारीख आदल्या वर्षीची होती.